वाळ्याच्या ताटीपासून थर्मोस्टॅटपर्यंत : शेगावच्या लोहमार्गावरील थंडाव्याचा इतिहास

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या, सपाट जमिनीवर वसलेले शेगाव आज संत गजानन महाराजांचे समाधिस्थान म्हणून ओळखले जात असले, तरी या गावाच्या आधुनिक इतिहासाला लोहमार्ग वगळून हात घालता येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातील जीआयपी, हिची भुसावळहून निघालेली शाखा वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोहोचली आणि 1870 साली शेजारच्या जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा काढण्यात आला. 23 फेब्रुवारी 1878 रोजी महाराज शेगावात प्रथम दिसले, तेव्हा या मार्गावरून आगगाडी धावू लागून दहा वर्षे उलटली होती. 8 सप्टेंबर 1910 रोजी त्यांनी समाधी घेतल्यानंतर वाढत गेलेला भाविकांचा ओघही मोठ्या प्रमाणात याच मार्गाने आला. चैत्र-वैशाखात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जाणाऱ्या या प्रदेशातून धावणाऱ्या डब्यात माणसाने तग कसा धरायचा, हा प्रश्न त्यामुळे लोहमार्गाइतकाच जुना आहे. त्याला मिळत गेलेल्या उत्तरांत थंडावा निर्माण करण्याच्या युक्त्या जितक्या महत्त्वाच्या आहेत, तितकाच तो थंडावा मोजण्याचा आणि आटोक्यात ठेवण्याचा अधिकार कोणाकडे गेला, हा मुद्दाही महत्त्वाचा आहे.

पहिले उत्तर वाळ्याचे होते. वाळा हे सुगंधी मुळांचे गवत असून त्याच्या मुळ्या बांबूच्या किंवा लाकडी चौकटीत दाबून बसवल्या, की ताटी तयार होते. विदर्भात घरोघरी लागणाऱ्या कूलरच्या बाजूंना आजही ‘कूलरच्या ताट्या’ असेच म्हणतात. 1872 च्या सुमारास जीआयपीने पहिल्या वर्गाच्या काही डब्यांत ओल्या वाळ्यातून हवा आत घेण्याची सोय केली. या सोयीमागील तत्त्व बाष्पीभवनाचे आहे : एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता आसपासच्या हवेतून आणि ताटीतून ओढली जाते, आणि आत येणारा झोत तेवढा निवतो. मात्र हवा जितकी कोरडी, तितकेच बाष्पीभवन वेगाने होत असल्यामुळे मुंबईच्या दमट हवेत जवळपास निरुपयोगी ठरणारी ताटी खानदेश आणि वऱ्हाडातील एप्रिल-मेच्या झळांत उत्तम काम देत असे, आणि मृगाचा पाऊस पडून गेल्यावर तीच ताटी थंडाव्याऐवजी केवळ कोंदटपणा वाढवत असे. शिवाय या व्यवस्थेत तापमान ठरवण्याची कोणतीही सोय नव्हती. ताटी सुकली की पाणी सोडायचे आणि गारठा वाटला की थांबवायचे, एवढाच निर्णय घेता येत असे, आणि तोही माणसाच्या त्वचेला जे जाणवेल त्यावरच अवलंबून होता.

दुसरे उत्तर बर्फाचे होते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या फ्रंटियर मेलला 1934 साली जो वातानुकूलित डबा जोडण्यात आला, त्यात डब्याच्या तळाखालच्या बंदिस्त पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांच्यावरून पंख्याने हवा फिरवली जात असे. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण 80 कॅलरी उष्णता शोषली जाते, म्हणजे वजनाच्या हिशेबाने बर्फ पाण्याच्या वाफेपेक्षा बराच कमी कामाचा. परंतु त्याला हवेच्या दमटपणाची अडचण येत नव्हती. ही गाडी शेगावच्या मार्गावरची नव्हती, तरी तिने घालून दिलेला धडा सर्वत्र लागू होता. बर्फ संपला की थंडावा संपला, म्हणून ठरावीक स्थानकांवर नव्या लाद्या भरणे भाग पडे, आणि डब्याची हवा किती गार राहील हे बर्फाच्या साठ्यावर आणि तो भरणाऱ्यांच्या तत्परतेवर ठरत असे.

यांत्रिक शीतकरण आल्यावरच तापमान राखण्याचे काम उपकरणाकडे गेले. अशा उपकरणाला थर्मोस्टॅट म्हणतात : ठरवलेल्या तापमानाशी हवेच्या तापमानाची तुलना करून यंत्र चालू किंवा बंद करणारा तो स्विच असतो. अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने 1830 साली दोन वेगवेगळ्या धातूंच्या, उष्णतेने कमी-अधिक प्रसरण पावून वाकणाऱ्या जोडपट्टीवर आधारलेले असे साधन मांडले, आणि 1883 साली अमेरिकेत वॉरन जॉन्सन यांनी विजेवर चालणाऱ्या खोलीतील थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. भारतीय रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांत मात्र दीर्घकाळ काचेच्या नळीतील पाऱ्याचा थर्मोस्टॅट वापरात राहिला. त्याच्या बारीक नळीत धातूच्या तारा ठरावीक उंचीवर बसवलेल्या असत. डबा तापला, की पारा चढून वरच्या तारेला टेकत असे, मंडल पूर्ण होत असे आणि रिले, म्हणजे अल्प प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच, कॉम्प्रेसरला चालना देत असे. अशा नळीचे तापमान कारखान्यातच ठरलेले असल्यामुळे वेगळे तापमान हवे असेल, तर वेगळ्या नळीची गरज पडे, आणि धावत्या गाडीच्या अखंड हादऱ्यांनी पाऱ्याचा स्तंभ तुटे किंवा काच फुटून विषारी पारा सांडे.

म्हणूनच जुन्या डब्यांत पाऱ्याच्या नळीच्या जागी इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट बसवण्याचा मार्ग रेल्वेने स्वीकारला. नव्या उपकरणात पाऱ्याऐवजी तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा संवेदक असतो. प्लॅटिनमच्या प्रचलित संवेदकाचा रोध शून्य अंशाला 100 ओहम आणि 100 अंशांना सुमारे 138.5 ओहम असतो. या बदलाचे खरे वैशिष्ट्य असे, की कॉम्प्रेसर, पंखे आणि हवेचे मार्ग तसेच ठेवून केवळ निर्णय घेणारा भाग बदलता आला. तरीही हे काम वाटते तितके सरळ नव्हते, कारण संवेदक थंड झोतासमोर ठेवला तर यंत्र अकाली बंद पडते आणि उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगत ठेवला तर ते थांबतच नाही. म्हणून डब्यातून परत येणाऱ्या हवेच्या मार्गात त्याची जागा असावी लागते. तसेच डब्याचा 110 व्होल्टचा पुरवठा नव्या उपकरणाला झेपेल असा बदलून द्यावा लागतो आणि कॉम्प्रेसर बंद पडताच लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून मध्ये काही मिनिटांचा अवधी राखावा लागतो.

रेल्वेच्या डब्याप्रमाणेच रस्त्यावर धावणाऱ्या चाकांवरच्या घराला, म्हणजे मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅनला, थर्मोस्टॅट बदलण्याचे हेच नियम लागू पडतात, फक्त तिथला पुरवठा सामान्यतः 12 व्होल्टचा असतो. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले असल्यामुळे अशा गाड्या राज्याच्या रस्त्यांवर जुन्या होऊ लागतील, तेव्हा त्यांच्या मालकांना संपूर्ण वातानुकूलन यंत्रणा बदलण्याआधी केवळ थर्मोस्टॅट बदलून काम भागते का, हे पाहता येईल, आणि रेल्वेच्या कारखान्यांत साठलेला अनुभव त्यांच्या उपयोगी पडण्याजोगा आहे.

या इतिहासाला एक सामाजिक बाजूही आहे. वाळ्याची ताटी पहिल्या वर्गासाठी होती आणि बर्फाच्या लाद्याही निवडक प्रवाशांसाठीच होत्या. 1977 साली रेल्वेमंत्री मधु दंडवते यांच्या काळात मुंबई-हावडा मार्गावर वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली, तरी थंड हवा तेव्हाही सर्वांच्या वाट्याला आली नाही. 1993 साली वातानुकूलित तीन-स्तरीय डबे आल्यावर मध्यमवर्गाला ती काही प्रमाणात परवडू लागली. गेल्या दीडशे वर्षांत डब्यातील तापमान राखण्याची अचूकता माणसाच्या अंदाजापासून संवेदकापर्यंत पोहोचली, पण त्या अचूकतेचे वाटप त्याच गतीने झाले नाही. शेगावच्या फलाटावरून वैशाखात सर्वसाधारण डब्यात चढणारा वारकरी आजही खिडकीतून येणाऱ्या झळांवर आणि छताच्या पंख्यावरच विसंबून आहे, आणि त्याच्यापर्यंत थंडावा पोहोचेपर्यंत या तंत्राचा प्रवास अपुराच मानावा लागेल.