आर्मेनियन खाचकार : शिला, स्मरण आणि यात्रेकरू

आर्मेनियातील ‘खाचकार’ म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिला. राणी कात्रानिदे हिने इ.स. ८७९ मध्ये गार्नी येथे उभारलेली शिला ही कालोल्लेख असलेल्या खाचकारांत सर्वांत प्राचीन मानली जाते. क्रूसाच्या पायथ्याशी कोरलेल्या पालवीमुळे तो मृत्यूचे चिन्ह न राहता जीवनवृक्ष ठरतो. शिलेचे मुख सामान्यतः पश्चिमेस असल्याने तिच्यासमोरील यात्रेकरू पूर्वाभिमुख होऊन प्रार्थना करतो. अनेक लेखांत दात्याचे नाव आणि ‘प्रार्थनेत स्मरण करावे’ अशी विनवणी आढळते. दात्याने आरंभिलेले पुण्यकर्म अशा रीतीने अनोळखी यात्रेकरूकडून पूर्णत्वास जाते. युनेस्कोने २०१० मध्ये ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली. तत्पूर्वीच, १९९८ ते २००५ या काळात, अझरबैजानच्या नखचिवान प्रदेशातील जुल्फा दफनभूमीतील हजारो खाचकार नष्ट करण्यात आले होते. त्यांवरील नावांचे स्मरण करण्यास यात्रेकरूला तेथे आता शिलाच उरलेली नाही.