श्रीगोविंदप्रभूंचे वेड : एक टिपण

महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक, ऋद्धिपूरचे गुंडम राउळ उपाख्य श्रीगोविंदप्रभू, यांच्या वेडाचा उलगडा पाशुपत व्रताच्या आधारे करण्याचा मोह होतो. साधकाने वेड पांघरून लोकनिंदा ओढवून घ्यावी, असे पाशुपतसूत्रांत विहित आहे. सोळाव्या शतकातील मॉस्कोच्या वासिलीसारखे ख्रिस्ती 'वेडे'ही याच जातीचे.

परंतु म्हाइंभटांनी १२८८ च्या सुमारास संकलित केलेल्या चरित्रातील लीळा या उपपत्तीस अनुकूल नाहीत. प्रभू स्वतःशीच बोलतात, हसतात, रुसतात, खेळतात. स्पृश्यास्पृश्य न पाहता घरांत शिरतात, आवडेल ते खातात. यात निंदेची अपेक्षा कोठेच नाही. उलट गावाने अडचणीच्या वेळी त्यांनाच माय आणि बाप म्हणून हाक मारली. चक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यादी शिष्यांनी ऋद्धिपुरास येऊन त्यांची सेवा केली, तीही लेकराच्या संगोपनासारखीच होती. व्रतस्थाचे वेड पांघरलेले असते, तर हे निरागस आहे; दोहोंना एकच नाव देणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही.

अर्थात ही साक्ष भक्तांची आहे, आणि भक्तांना वेड ही ईश्वराची लीळाच मानणे भाग होते. तथापि ज्या लीळा सोवळ्या वाचकास आजही अवघडवतील, त्या म्हाइंभटांनी गाळल्या नाहीत.