जिना चढणारी सावली

प्रकाशयोजना शिकवताना मी मुलांना आधी १९२० सालचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ दाखवते. हेरमान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर ऱ्योरिग यांनी त्यात भिंती वाकड्या केल्या, खिडक्या तिरक्या केल्या आणि उजेड-अंधाराचे पट्टे चक्क रंगाने काढले. ते नेपथ्य अंगावर येतं. पण रंगवलेली सावली जागची हलत नाही.

दोनच वर्षांनी दिग्दर्शक मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’ आला. मुर्नाऊ स्टुडिओबाहेर पडला. विस्मारच्या गल्ल्या, ल्यूबेकमधली मिठाची जुनी गोदामं, स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला, सगळं खरंखुरं. अशा खऱ्या जागेत भीती आणायची कुठून? छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नरने ती दिव्यातून आणली.

शेवटाकडे रक्तपिपासू काउंट ऑर्लोक नायिका एलेनच्या खोलीकडे निघतो. त्याचं काम करणारा माक्स श्रेक जिन्यावर दिसतच नाही. भिंतीवरून फक्त सावली चढते: वाकलेली पाठ, लांबच लांब नखं. दिवा लहान, उघडा आणि खाली ठेवला की सावली अशी मोठी होते आणि तिची कड धारदार राहते. त्याच दिव्यापुढे मलमल धरा, दहशत तिथेच संपते. पुढे त्या पंजाची सावली एलेनच्या पांढऱ्या कपड्यांवरून सरकत छातीशी येते. कपडे पांढरे आहेत म्हणूनच बोटन्‌बोट दिसतं. मूठ आवळते, एलेन कळवळते. त्याने तिला हातही लावलेला नसतो! मूकपटांत याहून क्रूर क्षण मी पाहिलेला नाही.

या चित्रपटासाठी ‘ड्रॅक्युला’ कादंबरीची कथा परवानगी न घेता वापरली म्हणून तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या. १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती तरीही उरल्या, म्हणून आज आपण हा चित्रपट पाहू शकतो.

तो पाहतानाही एक जपायला हवं. तेव्हा रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मला निळी छटा देत. पुढे फिरलेल्या कृष्णधवल प्रतींत ती छटाच गेली. त्यामुळे ऑर्लोक भर दिवसा शवपेटी घेऊन चालताना दिसतो आणि प्रेक्षक हसतात. हा मुर्नाऊवर अन्याय आहे. पाहणार असाल, तर छटा परत दिलेली, दुरुस्त केलेली प्रतच शोधून पाहा.