कुलूप किती वेळ?

बँकेच्या एका खात्यातले पैसे दुसऱ्यात भरताना संगणक दोन्ही खात्यांना जणू कुलूप लावतो. मध्येच वीज गेली तर सगळंच रद्द. काम क्षणभराचं, म्हणून हे खपून जातं. पण सहलीचं आरक्षण घ्या: विमान, हॉटेल, गाडी. ते ठरायला दोन दिवस लागले, तर तोवर साऱ्या जागा कुलपातच ठेवायच्या का?

लांबणाऱ्या व्यवहारांची ही अडचण जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये मांडली होती. १९८७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी मोठ्या कामाचे तुकडे पाडले आणि त्या साखळीला ‘सागा’ म्हटलं. तुकडा पुरा झाला की त्याचं कुलूप लगेच उघडायचं; मात्र त्याची भरपाई करणारं कामही आधीच लिहून ठेवायचं. गाडी मिळाली नाही, तर आधी हॉटेल रद्द, मग विमान. शेवटच्या तुकड्याला भरपाई लागत नाही. (का, ते विद्यार्थ्यांना विचारून पाहा.)

आम्हाला यातलं धाडस वेगळंच वाटतं. भरपाई म्हणजे पाटी पुसणं नव्हे. आपण जागा अडवलेली असताना कोणीतरी ‘जागा नाही’ ऐकून परत गेलेला असतो. अशांना शोधून कळवायचं नाही, हे दोघांनी आपल्या लेखात स्पष्टच लिहिलं होतं.