जामनेर, जाम आणि पेरू

हिवाळ्यांत जामनेरच्या बाजारांत पाटी भरून जें हिरवेंपिवळें फळ येतें, त्यास पुण्याकडील पाहुणा 'पेरू' म्हणतो आणि विकणारी बाई 'जाम' म्हणते. गांवाचें व फळाचें नांव असें एके ठिकाणीं आलें म्हणजे व्युत्पत्तीचा मोह कोणासही होतो. जामांचें गांव तें जामनेर !

आम्हांस हा मोह आवरावा लागतो. 'ऐन-ई-अकबरी'च्या खानदेशी परगण्यांच्या यादींत जामनेर आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस तें दफ्तरीं रुळलेलें होतें. पेरूचें झाड तर मूळचें उष्ण अमेरिकेंतलें. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तें आपल्या किनाऱ्यावर उतरलें असें मानतात. अशा नवख्या फळावरून कांग नदीकांठच्या गांवाचें नांव पडावें व तें लागलीच बादशाही दफ्तरांत चढावें, इतकी घाई इतिहास सहसा करीत नाहीं. पिंपळनेरांत पिंपळ दिसतो, तसें जामनेरांतही झाडच असेल, तर तें जुन्या जंबूचें, म्हणजे जांभळाचें असावें, एवढाच तर्क आम्ही करूं.

बिचाऱ्या फळास मात्र सर्वत्र उसनींच नांवें मिळालीं. पोर्तुगीज भाषेंत 'पेरा' म्हणजे नासपती. त्यावरून आपला 'पेरू'. फारसी 'अमरूद' म्हणजेही नासपतीच ! पेरू देशावरून हें नांव आलें असें शाळेंत आम्हींही ऐकलें होतें. तें खरें नव्हे. तथापि त्या देशांतील प्राचीन वसाहतींच्या उत्खननांत पेरूच्या बिया सांपडल्या आहेत, तेव्हां गुरुजींची चूक अगदींच निराधार म्हणवत नाहीं. नासपतीशीं या झाडाचें कांहींच नातें नाहीं. उलट जांभूळ व पेरू हीं वनस्पतिशास्त्रांत एकाच कुळांतलीं. खानदेशच्या बाईनें पुस्तक न उघडतां गोत्र बरोबर सांगितलें !

पुढेंही तीच गत. पुण्याजवळ गणेशखिंडींत १९२७ सालीं जी उत्तम जात निवडली गेली, तिचें नांव 'लखनौ-४९'. कालांतरानें ती 'सरदार' झाली. आतां शहरांत तिचा गर दुधांत घुसळून पेला भरून देतात. बिया गाळून टाकल्यानें दांतांचें काम वांचतें खरें, पण मीठतिखट लावून फोड खाण्याची मौज त्यांत नाहीं. आमच्या घरीं मात्र समुद्रापलीकडून आलेलें हें फळ एकादशीच्या फराळास निःशंकपणें चालतें, आणि आजीनें त्याचें कूळ कधीं विचारलें नाहीं.