कोंडलेल्या हवेचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास पहाटे गारठा जाणवू लागला, की गाद्या-रजयांची आठवण होते. पूर्वी याच दिवसांत पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार हिंडे. वर्षभरात दबून गेलेला कापूस तो पिंजून फुगवी आणि त्याच वजनाच्या रजईला पुन्हा ऊब येई. कापूस तोच, मग वाढले काय? धाग्यांच्या जाळ्यात कोंडलेली हवा!

रम्फर्ड या शास्त्रज्ञाने लोकर, रेशीम, कापूस, पिसे यांवरचे आपले प्रयोग १७९२ साली प्रसिद्ध करून हेच दाखविले. हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. मात्र मोकळी सोडली, तर ती स्वतःच फिरून उष्णता वाहून नेते. म्हणून तिला बारीक कप्प्यांत अडवावे लागते. ऊब वस्त्राची नव्हे, वस्त्राने धरून ठेवलेल्या हवेची होय.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील कारागिरांच्या हातांना हे मर्म फार पूर्वीपासून परिचित असावे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, हे एम. सिंग आणि एम. एम. सरदेसाई या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. गिलावा करणाऱ्याला माती तडकू द्यायची नसेल. पण अशा सच्छिद्र काड्यांबरोबर हवाही मातीत शिरते. मराठवाड्याचे माळवदही पाहा: तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर वैशाखवणवा पेटला, तरी आत गारवा. त्यात मातीच्या जाडीचाही मोठा वाटा. दुपारची धग आत पोहोचेपर्यंत रात्र होई.

परंतु या गारव्याला वजन होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जड माळवदे आणि दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो माणसे झोपेतच गेली. मातीच्या छताची धास्ती बसली. हलका म्हणून अनेक घरांवर पत्रा आला. पण उन्हाळ्यात पत्रा तापला, की घराची भट्टी होते. तेव्हा छत हवे ते हलकेही आणि थंडही. येथेच फोमकडे लक्ष जाते. थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीत शेकडा ९५ हून अधिक भाग नुसत्या हवेचा असतो.

मग हवा किती, एवढे कळले की झाले? तसे नाही. उष्णता पदार्थातून कशी वाहते, याचे गणित फूरिएने १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याच्या आधाराने एक सोपा हिशेब करू. घन माती हवेच्या चाळीसपट उष्णता वाहते असे धरा, आणि निम्मी माती, निम्मी हवा घ्या. दोहोंचे थर एकावर एक आडवे रचले, तर वरून येणाऱ्या उष्णतेला हवेचा प्रत्येक थर ओलांडावाच लागतो; नुसत्या स्थिर हवेतून जाईल त्याच्या जेमतेम दुप्पट उष्णता खाली येते. तेच थर उभे केले, तर ती मातीतून सरळ पार होते आणि हिशेब वीसपटीवर जातो. माल तोच, फरक दहापट!

मॅक्सवेलने १८७३ साली विजेवरील ग्रंथात, एखाद्या माध्यमात विरळ विखुरलेल्या बारीक गोलांचे गणित केले. तेच उष्णतेलाही लागू पडले. पुढे १९१२ साली वीनरने वर सांगितलेली दोन टोके नियमात बांधली. पण फोममधले बुडबुडे विरळ नसतात, एकमेकांना चिकटलेले असतात. शिवाय पोकळीतून किरणांच्या रूपानेही उष्णता पलीकडे जाते. म्हणून अंदाज गणिताने करायचा आणि खात्री प्रयोगाने.

आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे पाणी. स्थिर हवेपेक्षा ते वीसपटीहून अधिक उष्णता वाहते. छिद्रांत ओल शिरली, की साऱ्या हिशेबावर पाणी पडते.

किल्लारीने वजनाचा धडा दिला, पत्र्याने उन्हाचा. छताखाली निजणाऱ्याला फूरिए ठाऊक नसला, तरी चालेल. पण छत निवडताना हवा किती कोंडली एवढेच न विचारता, ती कशी कोंडली आणि पावसाळ्यात कोरडी राहील का, हेही विचारावे. पिंजाऱ्याकडून रजई घेताना आपल्या आज्या तिचे वजन पाहत, आणि हाताने दाबूनही पाहत!