अनुपस्थितांचे दर्शन : चेतिय-विचार आणि छायाचित्र

महापरिनिब्बान सुत्तात आनंद भगवंतांपुढे एक शंका मांडतात. वर्षावास संपला की दिशादिशांतून भिक्खू तथागतांच्या दर्शनास येत असत आणि त्या निमित्ताने आनंदांनाही त्यांचा सहवास लाभत असे. भगवंतांच्या पश्चात ही भेट कशी घडणार, असे ते विचारतात. या शंकेकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. कारण लगेच पुढे येणारे भगवंतांचे उत्तर फार प्रसिद्ध आहे. परंतु शंका नीट वाचली तर तिच्यात तीन गोष्टींची हुरहूर एकत्र आलेली दिसते. एक तथागतांची, दुसरी दुरून येणाऱ्या त्या परिचित भिक्खूंची आणि तिसरी एका ऋतूची. पाऊस ओसरल्यावर, वाटा कोरड्या झाल्यावर विहारात जी गजबज होई ती यापुढे होणार नाही, ही आनंदांची खंत होती. भगवंतांनी उत्तरादाखल चार स्थाने सांगितली : जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्कप्रवर्तनाचे आणि महापरिनिब्बानाचे. म्हणजे व्यक्तीच्या विरहाला स्थळाच्या दर्शनाने उत्तर दिले गेले. बौद्ध परंपरेतील यात्रेचा उगम या संवादात आहे.

येथे काही वाचक असा आक्षेप घेतील की गेलेल्यांची आठवण काढीत बसणे हा मोहच होय. अनिच्चतेचा उपदेश करणाऱ्या धम्मात त्यास स्थान कोठले? या आक्षेपाचे उत्तर संयुत्तनिकायातील उक्कचेल सुत्तात मिळते. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या परिनिब्बानानंतर थोड्याच काळाने भगवंत गंगेच्या काठी उक्कचेल येथे भिक्खुसंघासह बसले होते. शांत बसलेल्या संघाकडे पाहून ते म्हणतात की ते दोघे गेल्यावर ही परिषद मला रिकामी भासते. त्याच सुत्तात पुढे, असे शिष्य गेल्यावरही तथागतांना शोक नाही, विलाप नाही, हेही सांगितले आहे. रिकामी जागा दिसणे ही एक गोष्ट आणि त्या रिकामपणाने कोलमडणे ही दुसरी. भगवंतांनी पहिली नाकारली नाही. प्रियविप्पयोगाला दुःखसत्यात गणणाऱ्या धम्माने प्रियजनांची उणीव जाणवूच नये असे कधी म्हटलेले नाही.

या उणिवेला आकार कसा द्यावा, याचा विचार पालि वाङ्मयात कालिङ्गबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत आला आहे. भगवंत चारिकेसाठी बाहेर पडत तेव्हा सावत्थीचे लोक गंध-माला घेऊन जेतवनात येत. समोर कोणी नसे. मग ती फुले ते गंधकुटीच्या दाराशी ठेवून परत जात. अनाथपिण्डिकाने ही अडचण आनंदांच्या कानी घातली आणि आनंदांनी भगवंतांना विचारले की चेतिये किती प्रकारची असतात. उत्तर आले : तीन. सारीरिक म्हणजे देहधातूंचे, पारिभोगिक म्हणजे वापरातील वस्तूंचे व स्थानांचे आणि उद्देसिक म्हणजे उद्देशून केलेल्या प्रतीकाचे. बुद्ध हयात असताना सारीरिक चेतिय संभवत नाही. उद्देसिकाविषयी भगवंतांचा अभिप्राय उत्साहाचा नाही. त्याला मूळ वस्तूचा आधार नसतो, ते केवळ मनावर अवलंबून असते. बोधिवृक्ष मात्र बुद्ध हयात असोत वा नसोत, चेतियच होय. पुढे मोग्गल्लानांनी बोधिवृक्षाचे फळ आणले आणि अनाथपिण्डिकाच्या हातून ते जेतवनाच्या दारात लावले गेले. तोच आनंदबोधी. भगवंतांनी स्वतःच्या हयातीतच स्वतःच्या गैरहजेरीची सोय करू दिली, हा या कथेतील मला सर्वांत हृद्य वाटणारा भाग आहे.

हेच जेतवन भरहुतच्या कठड्यावरील एका पदकात कोरले आहे. बैलगाडी सोडून ठेवलेली आहे, जमिनीवर चौकोनी नाणी अंथरली जात आहेत, अनाथपिण्डिक हातात झारी घेऊन दानाचे उदक सोडीत आहे. गंधकुटी आणि कोसंबकुटी या दोन्ही वास्तू नावांनिशी दाखविल्या आहेत. कोटी नाणी पसरून विकत घेतलेले जेतवन अनाथपिण्डिक दान देतो, असा लेखही खाली आहे. इतके सर्व असून ज्यांना हे दान द्यावयाचे ते बुद्ध मात्र चित्रात नाहीत. भरहुतला ते कोठेच मनुष्यरूपात नाहीत. आहे ते रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र, पाऊलखुणा. याची कारणमीमांसा विद्वानांनी नाना प्रकारे केली आहे आणि तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. त्या शिल्पकारांना गैरहजर व्यक्ती गैरहजर म्हणूनच दाखविता येत होती, एवढे आपणांस पुरे.

अठराशे एकोणचाळीस साली युरोपात छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभकाळातील नामांकित छायाचित्रकार होते. आता प्रश्न असा की छायाचित्र हे तीन चेतियांपैकी कोणते? सहज उत्तर ‘उद्देसिक’ असे येईल. मला ते पूर्णपणे पटत नाही. उद्देसिकाला वस्तूचा आधार नसतो. छायाचित्राला तो असतो. देहावरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगातून जाऊन चांदीच्या क्षारांवर पडतो आणि तेथे बदल घडवितो. ज्या काचेवर वा फितीवर ती छाया उमटली, ती त्या क्षणी त्या माणसासमोर होती. म्हणून मूळ छायाचित्राला मी उद्देसिक व पारिभोगिक यांच्या मधोमध ठेवीन. आपल्या घराघरांत भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी शेजारी शेजारी असतात. बुद्धमूर्ती तथागतांच्या कित्येक शतकांनंतर, त्यांना न पाहिलेल्या कलावंतांनी घडविली; ती निखळ उद्देसिक होय. निळ्या कोटातील बाबासाहेबांची रंगीत छापील तसबीरही चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली असल्याने उद्देसिकच. पण त्या तसबिरीमागे कोठेतरी एक कृष्णधवल छायाचित्र असते आणि त्याचा बाबासाहेबांच्या प्रत्यक्ष देहाशी प्रकाशाचा संबंध असतो. हा भेद पाळला तर कोणत्या गोष्टी जपून ठेवावयाच्या आणि कोणत्या पुन्हा छापता येतील, हे आपोआप ठरते.

प्रथम स्थळांविषयी. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ मध्ये भरहुतला पोहोचले तेव्हा स्तूपाच्या विटा आणि दगड गावकऱ्यांनी घरे बांधण्यासाठी नेले होते. जे उरले ते उत्खनन करून कलकत्त्याच्या वस्तुसंग्रहालयात हलविण्यात आले. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात त्या जागी आज गेल्यास जेतवनाचे पदक दिसत नाही. कनिंगहॅमच्या १८७९ च्या ग्रंथातील छायाचित्रे हाती घेतली म्हणजे त्या शिल्पांची, ती नुकतीच मातीतून वर आली त्या काळातील अवस्था दिसते. १८७६ साली बोधगयेचा जीर्ण बोधिवृक्ष वादळात कोसळला. नंतर त्याच्याच वंशातील रोप तेथे लावण्यात आले आणि त्याच दशकात, १८८० नंतर, महाबोधी विहाराचा जीर्णोद्धार झाला. जीर्णोद्धारापूर्वीच्या छायाचित्रांतील ढासळलेली, झाडोरा माजलेली वास्तू पाहून यात्रेकरूला ओळख पटत नाही. मला ती छायाचित्रे आजच्या सुबक वास्तूपेक्षा अधिक बोलकी वाटतात. कारण सात-आठशे वर्षे आपण तेथे नव्हतो, हे ती सांगतात.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी आणि अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले. रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. वर्षानुवर्षे तेथे राहून त्यांनी तैलरंगात केलेल्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेच काम पुन्हा हाती घेतले. त्याही प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत नष्ट झाल्या. दोनदा आगीत गेलेली चित्रे आणि तिकडे लेण्यांत दरवर्षी झडत जाणारा मूळ रंग! गिल यांनी कॅमेराही वापरला होता आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळच्या तंत्राला रंग पकडता येत नव्हते, त्यामुळे जळून गेलेल्या चित्रांची भरपाई त्या ग्रंथाने होत नाही. तथापि लेण्यांच्या दर्शनी भागांची, पडझड झालेल्या खांबांची दुरुस्तीपूर्वीची स्थिती त्यातून कळते. रंगीत छायाचित्रांसाठी गुलाम याझदानी यांच्या १९३० पासून निघालेल्या खंडांची वाट पाहावी लागली. आज अजिंठ्यातील एखाद्या आकृतीची बोटे दिसेनाशी झाली असतील तर अभ्यासक याझदानींचा खंड उघडतो. बामियानच्या मूर्तींबाबतही तसेच घडले. मार्च २००१ मध्ये सुमारे ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या त्या दोन्ही मूर्ती सुरुंगांनी उडविण्यात आल्या. नंतर झुरिचच्या संशोधकांनी १९७० मध्ये मोजमापासाठी घेतलेल्या छायाचित्रांवरून मोठ्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती तयार केली.

आता माणसांविषयी. राजगृहातील १९३४ चे कौटुंबिक छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, भावजय लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. या छायाचित्रानंतर वर्ष-सव्वा वर्षात, २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. पुढे बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपण हे छायाचित्र रमाईंसाठी पाहतो आणि ते योग्यच आहे. पण भरहुतचे पदक वाचण्याची सवय लागली की डोळा रिकाम्या जागांकडेही जातो. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले त्या चौकटीत नाहीत. राजरत्न १९२६ मध्ये गेला आणि त्या वेळी बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना या छायाचित्रातील रमाईंच्या चेहऱ्याकडे फार वेळ पाहवत नाही.

चौदा ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची छायाचित्रे मात्र गर्दीची आहेत. व्यासपीठावर बाबासाहेब, माईसाहेब, भदंत चंद्रमणी. समोर लाखोंचा समुदाय. अशोक विजयादशमीच्या त्या दिवशी लोकांनी पांढरी वस्त्रे नेसली होती. कृष्णधवल छायाचित्रात निळा रंग करडा होतो, झेंडूचा पिवळा हरवतो, पण पांढरा पांढराच राहतो. त्यामुळे त्या दिवसाचा मुख्य रंग तेवढा आपल्यापर्यंत जसाच्या तसा आला. त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दिवाळीअगोदरच्या, पीक उभे असतानाच्या त्या ऋतूत शेतमजूर माणसे कशी निघाली असतील, कोणी कोणाच्या हवाली गुरे केली असतील, हे छायाचित्रावरून कळत नाही. ते त्या गर्दीतील एखाद्याने सांगितले तरच कळते. आणि येथेच आपली मोठी हानी होत आहे. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदीच्या आसपास आहे. व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव आपणांस ठाऊक आहे. समोर बसलेल्यांपैकी जवळजवळ कोणाचेच नाही.

भरहुतच्या शिल्पकारांनी ही चूक केली नाही. तेथे दृश्यांखाली जातकांची नावे आहेत, म्हणूनच कनिंगहॅमला ती दृश्ये ओळखता आली. खांबांवर दात्यांची नावे आहेत. विदिशेच्या रेवतीमित्राची भार्या चापदेवा हिने पहिला खांब दिला, असे एका लेखात म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या उपासिकेचा चेहरा आपण कधी पाहणार नाही, तरी तिचे गाव, तिचे नाते आणि तिचे दान आपण सांगू शकतो. आपल्या घरांतील पेटाऱ्यांत याच्या उलट अवस्था आहे. सैन्यात, गिरणीत वा रेल्वेत लागलेल्या आजोबांनी शहरातील स्टुडिओत काढून घेतलेले एकच छायाचित्र असते, मागे पडदा, हात खुर्चीच्या पाठीवर. आणि शेजारची स्त्री आजी की आजीची बहीण, हे सांगणारे कोणी नसते. ज्या समाजाच्या नोंदी इतरांनी फारशा ठेवल्या नाहीत त्याला हे परवडणारे नाही. इतिहास लिहू म्हणणारा संशोधक उद्या याच पेटाऱ्यांपाशी येणार आहे.

यंदाच्या वर्षावासात विहारांतील प्रवचनांनंतर अर्धा तास या कामी द्यावा, अशी उपासक-उपासिकांना विनंती आहे. वृद्धांना जुनी छायाचित्रे घेऊन बसवावे आणि तरुणांनी लिहून घ्यावे. बॉलपेन वापरू नये; त्याचा दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाईही उतरते. मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूस, कडेला हलक्या हाताने लिहावे. डावीकडून उजवीकडे नावे, परस्परांतील नाते, गाव व तालुका, छायाचित्र कोणाच्या घरी होते ते. साल आठवत नसेल तर पेरणीचे दिवस होते की सुगीचे, लग्नसराईचे की जयंतीचे, तेवढे विचारावे. म्हाताऱ्या माणसांना ऋतू बहुधा आठवतो आणि त्यावरून साल काढता येते. जे छायाचित्रात असावयास हवे होते पण नाहीत, त्यांचीही नावे शेवटी वेगळ्या ओळीत लिहावीत.